काहिलीची कॅसेट

"ताई, जरा मागं घ्या की. ती उभी राहतीया तिथनं."

असं म्हणणारा पोपट डेअरीत दूध मोजायचा. रिकामी किटली हातात धरून तो पाऊण तास आमच्या दुकानात उभा होता. त्याच्या पुढे बाकावर पाच जण, दारात आठ-दहा, आणि रस्त्यावर सायकलीवरून एक पाय खाली टेकून आणखी तिघं. मी व्हीसीआरचं बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा धावल्या आणि सगळं उलटं व्हायला लागलं. पाण्यातल्या बायका वर आल्या, पालथी काहिल उताणी झाली, उभी असलेली मंदा खाली बसली. तिथं मी थांबवलं आणि कॅसेट पुन्हा पुढे सोडली. सनई वाजायला लागली.

ती सनई मीच घातली होती.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वदची. आमचं दुकान तालुक्याच्या गावात, तांबट गल्लीच्या तोंडाशी. आमचे वडील, आप्पा, होते तोवर नुसतं भांड्यांचं दुकान होतं. ते गेल्यावर माझा मोठा भाऊ दिगूदादा म्हणाला, पितळेला आता कोण विचारतंय, सगळे स्टीलच्या मागे लागलेत. त्यानं दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली. डावीकडे भांडी आणि भांड्यांवर नावं घालायचं मशीन, उजवीकडे कॅसेटची लायब्ररी आणि लग्नाचं शूटिंग. डावी बाजू कुणाला नको होती म्हणून ती माझ्याकडे आली. "सौ. कां. चि. अमुकतमुक हिस मामांकडून सप्रेम भेट" हे मी झोपेतसुद्धा लिहिलं असतं. पण उजव्या बाजूचं मिक्सिंगही हळूहळू माझ्याकडेच आलं, कारण दादाला तासन्‌तास एका जागी बसवत नसे. तो कॅमेरा खांद्यावर टाकून उन्हातान्हात हिंडायचा आणि मी दोन मशीनं शेजारीशेजारी ठेवून नवरीला गुलाबाच्या फुलात बसवायची, नवरदेवाला बदामात. आज हसू येतं, पण त्या बदामासाठी लोक दूरदूरच्या गावांहून आमच्याकडे यायचे.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्याच लग्नांत करायचो. मूळ आवाज काढून टाकायचो. लग्नातला आवाज म्हणजे नुसता कलकलाट, पोरांची रडारड आणि कुणीतरी कुणाला तरी वाढप्यांवरून बोलत असलेलं. त्यावर एक तासाची सनई घातली की सगळं कसं शोभून दिसायचं. आमच्याकडे सनईची एकच कॅसेट होती. तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच सनईवर लागली आहेत.

त्या वैशाखात नदीकाठच्या पिंपरणी गावात एक लग्न होतं. हौसाक्का म्हणून एक विधवा बाई होती, तिच्या थोरल्या मुलीचं, सुमनचं. सासर बरोबर समोरच्या काठावर. पुलावरून गेलं तर चौदा मैलांचा वळसा, आणि समोर बघितलं तर सासरच्या घराची कौलं मोजता यायची. त्या गावांचा जुना रिवाज असा, की या काठाची लेक त्या काठाला दिली की ती जीपगाडीनं जायची नाही, नदीतून जायची. आणि नाव कुठली आणणार? गुऱ्हाळात गूळ कढवायची जी भलीमोठी लोखंडी काहिल असते, ती पाण्यात सोडायची. आत चार-पाच माणसं बसवायची आणि दोन पोहणाऱ्यांनी दोन बाजूंनी धरून ती ढकलत पलीकडे न्यायची. बुडाशी गप बसून राहिलं तर काहिलीइतकं भरवशाचं काही नाही, असं तिथली माणसं सांगायची. उभं मात्र राहायचं नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पहिल्या खेपेला नवरा-नवरी गेली. दुसऱ्या खेपेला रुखवताच्या दोन पाट्या, नात्यातल्या दोन बायका आणि पाठराखीण म्हणून सुमनची धाकटी बहीण मंदा. सतरा वर्षांची. दादा काठावर गुडघाभर पाण्यात उभा राहून शूटिंग करत होता.

काहिल मधल्या डोहावर गेली आणि मंदा उभी राहिली. कॅमेऱ्याकडे वळून तिनं हात केला. काहिल एका अंगाला कलली, दोघी बायका घाबरून त्याच अंगाला सरकल्या, आणि झालं. त्या दोघींना पोहणाऱ्यांनी धरलं. मंदा काहिलीखाली गेली. दादानं कॅमेरा वाळूत टाकला आणि उडी मारली. त्याला पोहता येतं म्हणायचं इतकंच, त्यालाच लोकांनी बाहेर काढला. कॅमेरा चालूच राहिला होता. त्यात पुढची दोन मिनिटं नुसतं आभाळ आणि कुणाच्या तरी चपलेचा कोपरा दिसतो.

मंदा दुसऱ्या दिवशी सापडली, दीड मैल खाली.

दादानं कॅमेरा पेटीत घातला आणि पेटी माळ्यावर टाकली. आईनं कारण विचारलं तर म्हणाला, लेन्समध्ये वाळू गेली आहे. तो भांड्यांच्या बाजूला येऊन बसला आणि माझ्या हातातलं नावं घालायचं मशीन घेतलं. पहिले चार दिवस त्यानं गिऱ्हाईक नसतानाही जुन्या पत्र्यावर नुसत्या रेघा ओढल्या. आमच्या घरात दुःख झालं की सगळे कामाला लागायचे, त्यामुळे मला ते वावगं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी तो जेवायला गेला असताना मी ती कॅसेट लावली. मूळ आवाजासकट.

काठावरची वीस मिनिटं होती. हलगी वाजत होती, बायका हसत होत्या, मंदाला सगळ्या मिळून चिडवत होत्या, तिनं एक उखाणाही घेतला. मग काहिल सुटली. माणसं लहान होत गेली. आणि मग अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा, दादाचा आवाज आला.

"करवली, उभी राहा गं. इकडं बघ. हात कर."

हे तो प्रत्येक लग्नात म्हणायचा. बोहल्यावर म्हणायचा, पंगतीत म्हणायचा, वरातीत म्हणायचा. हलगीच्या दणक्यात काठावर शेजारी उभ्या असलेल्यालाही नीट ऐकू गेलं नसेल. पण कॅमेऱ्याचा माइक त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता, आणि पाण्यावरून आवाज लांब जातो.

मी ती मागे घेतली. पुन्हा बघितली. मंदा आधी उठते आणि मग दादा बोलतो, की दादा बोलतो आणि मग ती उठते, हे मला बघायचं होतं. एकदा वाटायचं, आधीच तिचा हात काहिलीच्या काठाला गेलाय, ती उठायलाच निघाली आहे. पुढच्या वेळी वाटायचं, नाही, हात नुसता ठेवला होता. त्या दुपारी मी किती वेळा बघितली ते सांगत नाही. पुढे गावानं काय केलं त्याबद्दल बोलायचा मला किती हक्क आहे, ते यावरून तुम्हीच ठरवा.

तोवर पिंपरणीत कुजबुज सुरू झाली होती. शूटिंगवाल्यानं पोरीला उभी केली म्हणे. पोहणाऱ्यांपैकी एकानं काहीतरी ऐकलं होतं, की ऐकलंसं वाटलं होतं. आमच्याकडे निरोप आला, की पोरीचे चुलते कॅसेट बघायला येणार आहेत.

माझं डोकं अशा वेळी भलतंच थंड होतं. मी दुसऱ्या मशीनमध्ये कोरी कॅसेट घातली. चित्राची वायर पहिल्या मशीनला, आवाजाची वायर टेपरेकॉर्डरला जोडली. काहिल काठ सोडते तिथपासून चपलेच्या कोपऱ्यापर्यंत, चार मिनिटं, मी सनईवर उतरवून काढली. नेहमीसारखीच. चुलते आले, बघितली, डोळे पुसले. "ह्यात कोण काय बोललेलं दिसत न्हाई," असं त्यांच्यातला थोरला म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

मग बाकीचे यायला लागले.

आधी पिंपरणीचे आले, मग शेजारच्या वाडीचे, मग ज्यांचा पिंपरणीशी काडीचा संबंध नाही असे. बाजारच्या दिवशी भाजीच्या पाट्या दारात ठेवून बायका यायच्या. मी आनंदानं दाखवत होते असं नाही, पण नाहीही म्हणत नव्हते. जितके जास्त लोक सनईवाली कॅसेट बघतील, तितकी ती कुजबुज मरेल, असा माझा हिशेब होता. तो बरोबरही निघाला. महिन्याभरात शूटिंगवाल्याचं नाव कुणी काढेना. राहिली ती नुसती काहिल. गावात तिला नावच पडलं, काहिलीची कॅसेट.

आणि सनईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक मुलगी बुडते आहे आणि मागे लग्नाची सनई चालली आहे, हे एकाही माणसाला खटकलं नाही. मलाही तेव्हा खटकलं नव्हतं, हे आता सांगायला लाज वाटते.

शेजारी रसूलभाईंचं शिलाईचं दुकान होतं. आप्पांचे मित्र. ते तीनदा येऊन बघून गेले होते. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते उठेनात.

"रसूलचाचा," मी जरा चिडूनच विचारलं, "हे सगळे काय बघायला येतात हो? एकदा बघितलं, वाईट वाटलं, संपलं. मागं घ्या, मागं घ्या कशाला?"

त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली.

"मेलेल्याला बघायला कोण येत न्हाई बेटी. त्या काईलीत आपण असतो तर काय केलं असतं, ते बघायला येतात. प्रत्येक जण आत जाऊन बसतो आणि कुठं वाचलो असतो ते हुडकतो."

"आणि तुम्ही?"

"मी तीनदा बसलो," ते म्हणाले. "तिन्ही टाइमाला खाली गप बसून व्हतो. येकदा बी उठलो न्हाई."

ते उठून गेले आणि पुन्हा कधी कॅसेट बघायला आले नाहीत.

परवा माझ्या सुनेनं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा गावात एक माणूस फूटपाथवरून चाललाय आणि त्याच्या मागे अख्खी गॅलरी खाली येते. "आई, बघा ना, दोन पावलं मागे असता तर," असं म्हणत तिनं तो तीन वेळा लावला. मी मोजलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, आमच्या रसूलचाचांना दाखवायला हवा होता हा. तिनं विचारलं कोण रसूलचाचा, आणि मला एकदम त्या दुकानातला वास आला, चिंचेनं घासलेल्या पितळेचा आणि तापलेल्या मशीनचा. तो वास आता कुठेच नाही. दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जवाला बसतो.

असो. मूळ कॅसेट तेव्हा अजून माझ्याकडेच होती. कपाटात, आप्पांच्या जुन्या वह्यांच्या मागे. दादाला ती सापडेल अशी मला भीती वाटायची. आपण काय बोललो हे त्याला आठवतंय की नाही, तेही मला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. तो दिवसभर मशीन चालवायचा आणि आईनं वाढलेलं जेवायचा. एका रविवारी सकाळी मी ती कॅसेट मशीनमध्ये घातली, टीव्ही लावला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून भाजी निवडायला बसले. तीन तासांनी सगळं पुसलं गेलं होतं. त्या जागी बातम्या होत्या, गाणी होती आणि मिरचीवरच्या रोगाची माहिती होती. मला खूप हलकं वाटलं. त्या दिवशी मी दादाला आवडते म्हणून पुरणपोळी केली. सण नसताना कसली पुरणपोळी, म्हणून आई माझ्याकडे बघत राहिली.

श्रावणात हौसाक्का आली.

मी तिला पूर्वी एकदाच बघितलं होतं, लग्नाचं शूटिंग ठरवायला आली होती तेव्हा. तेव्हा तिनं माझी परीक्षाच घेतली होती, गुलाबाचं फूल कुठल्या रंगाचं असतं म्हणून. आता ती डोक्यावर पितळेची घागर घेऊन आली. नवी नव्हती, घरातलीच होती, घासून लखलखीत केलेली.

"देवळात द्यायची हाय," ती दादाला म्हणाली. "मंदीचं नाव घाला. मंदाकिनी. पुरं नाव घाला."

दादानं मान हलवली. घागर मांडीवर घेतली आणि मशीन सुरू केलं. टर्रर्र आवाज सुरू झाला. हौसाक्का तिथं थांबली नाही. प्लायवूडच्या भिंतीला वळसा घालून ती माझ्या बाजूला आली आणि बाकावर टेकली. जिथं बसून सगळा तालुका कॅसेट बघून गेला होता, त्याच बाकावर.

"काईलीची कॅसेट तुज्याकडंच न्हवं?"

मी म्हटलं, "आक्का, ती तुम्ही नका बघू."

"मला बुडायचं बघायचंच न्हाई," ती म्हणाली. "ते समद्या मुलखानं बघितलंय. बाजारात मला बायका सांगत्यात, ती कशी उठली, कुठल्या हातानं काठ धरला. मला त्याच्या आदीचं दाव. काठावरलं. मी तितं न्हवते."

"तुम्ही नव्हता?"

"आमच्यात लेकीच्या आईनं येशीच्या फुडं यायचं नसतं. मी येशीतनंच मागं फिरले. मंदी म्हनली, आठ दिसांत येते, शेरडाला पाला घाल." तिनं पदरानं बाक पुसल्यासारखं केलं. "लग्नाची कॅसेट हाय घरात. चुलत्यानं टीव्ही आनून दावली. त्यात मंदी दिसती चिक्कार. पर बोलत न्हाई. तोंड हालतंय आनि पिपाणी वाजतीया. माज्या पोरीचा आवाज कुटं हाय?"

तिच्या पोरीचा आवाज मी दोनदा काढून टाकला होता. एकदा रीत म्हणून आणि एकदा मुद्दाम.

"काठावरचं शूटिंग पुसलं गेलं, आक्का," मी म्हटलं.

"पुसलं म्हंजे?"

"त्याच्यावर दुसरं भरलं गेलं. चुकून."

"काय भरलं?"

"टीव्हीवरचं. बातम्या, शेतीचा कार्यक्रम."

"कसली शेती?"

"मिरची. मिरचीवरच्या रोगाचं होतं."

तिनं मान डोलावली, जणू मिरचीचं कळलं की सगळं कळलं. "आनि आवाज?"

"आवाज आलाच नव्हता. कॅमेऱ्यात बिघाड होता."

भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. मला वाटलं, आता उठेल. ती उठलीही. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि बंद टीव्हीकडे बघत म्हणाली,

"तिनं काठावर नाव घेतलं म्हनं. लगीन न्हाई तवर उखाणा घेतला, समदी हासली म्हनं. मी घरोघर इचारलं, काय घेतलं. कुनालाच याद न्हाई बग. सुमी तवर पल्याड गेलेली. बाकीच्यास्नी ती उबी राह्यलेली तेवडी ध्यानात हाय. तिचा पदर कंच्या रंगाचा, हातात बांगड्या किती, समदं सांगत्यात. पर नाव काय घेतलं ते एकाबी मानसाच्या ध्यानात न्हाई."

मला पाठ होतं.

त्या दुपारी मी कॅसेट इतक्यांदा मागे घेतली होती, की कधीकधी बोट जास्त वेळ दाबलं जायचं आणि ती पार काठापर्यंत मागे जायची. मग काठावरचं पुन्हा ऐकावं लागायचं. तो उखाणा मी कितीदा ऐकला असेन. ती कुठं थांबते, कुठं हसू दाबते, शेवटच्या शब्दावर आवाज कसा वर नेते, सगळं माझ्या कानात होतं. आता तो जगात तेवढ्याच एका ठिकाणी उरला होता.

पण म्हटला तर आवाज होता हे उघड होणार होतं. आणि आवाज होता तर पुढचा आवाजही होता. भिंतीच्या पलीकडे माझा भाऊ बसला होता.

हौसाक्का वळली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं सुतळीनं बांधला होता. मी त्या सुतळीकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडातून ते निघालं. मी ठरवलं नव्हतं. मंदा म्हणाली होती तसंच, तिच्याच चालीत निघालं.

"गुळाच्या काहिलीत बसून चालले पैलतीरा,
नाव घ्यायला सांगता, आधी नवरा तरी हेरा."

हौसाक्का जागच्या जागी थांबली. तिचं तोंड हसल्यासारखं झालं, मग तसंच राहिलं. "मंदीच ती," ती म्हणाली. "हेरा. माजी सासू म्हनायची हेरा. मंदीनं तिचंच उचललं."

मग ती माझ्याकडे नीट बघायला लागली.

"म्हंजे आवाज हुता."

"होता," मी म्हटलं.

"मग त्याच्या फुडं काय हुतं?"

खोटं बोलायला मी एरवी कच्ची नाही, पण त्या बाईपुढे दुसरं खोटं येईना. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मशीनचा आवाज थांबला आहे. कधीचा थांबला होता कोण जाणे. दादा भिंतीच्या कडेला उभा होता. घागर त्याच्या कडेवर होती, लेकरू घ्यावं तशी.

"पुढं मी बोललो, आक्का," तो म्हणाला. "मी तिला म्हटलं उभी राहा, हात कर. माझ्या तोंडची सवय आहे ती. मी म्हटलं आणि ती उभी राहिली."

एवढ्या दिवसांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. तो हे विसरला नव्हता. विसरेल अशी आशा मीच करत होते. तीन महिने तो भिंतीच्या त्या बाजूला बसून ऐकत होता. दारात लोक जमत होते, मागं घ्या म्हणत होते, सनई पुन्हा पुन्हा सुरू होत होती. आपलं वाक्य त्या सनईखाली दडलंय हे त्याला सगळा वेळ माहीत होतं. मी त्याला वाचवत होते असं मला वाटत होतं. मी त्याला दिवसातून दहादा तिथं नेऊन उभा करत होते.

"ती आधीच उठत होती, आक्का," मी घाईनं म्हटलं. "मी बघितलंय. तिचा हात आधी काठाला गेला होता."

"असं दिसतंय त्यात?" हौसाक्कानं विचारलं.

"कधी दिसायचं, कधी नाही."

"आनि आता?"

"आता काहीच नाही. मी पुसलं. मुद्दाम पुसलं."

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, ती घागर माझ्या टाळक्यात घातली असती, तर मला सोपं गेलं असतं. रस्त्यानं कुणीतरी बैलाला हाकारत गेलं. घागरीवर दादाच्या अंगठीचा बारीक आवाज येत होता. तिचं लक्ष त्या घागरीकडे गेलं. पुढे येऊन तिनं घागर वळवली आणि बोटानं अक्षरं चाचपली. तिला वाचता येत नव्हतं.

"पुरं झालं?"

"नाही," दादा म्हणाला. "मंदा एवढंच झालंय."

"मग पुरं कर," ती म्हणाली. "अर्दं ठिवू नगं."

दादा तसाच उभा राहिला. तिनं त्याला दोन्ही हातांनी वळवून परत भिंतीपलीकडे लावून दिलं, आपल्या घरच्याला लावावं तसं. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. आधी थांबत थांबत, मग नीट.

तिनं त्याला माफ केलं की नाही हे मला आजही माहीत नाही. तिनं तसं काही म्हटलं नाही, आणि पुढे दरवर्षी श्रावणात ती येत राहिली तेव्हाही म्हटलं नाही. ती बाकावर बसायची, चहा घ्यायची, दादाची चौकशी करायची. मग मला काय करायचं ते ठरलेलं असायचं. माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले तर ती एसटीनं तिथं आली. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्या पहिल्या दिवशी मात्र ती पुन्हा बाकावर टेकली. पाय वर घेतले, पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटले.

"म्हन परत," ती म्हणाली. "सावकाश म्हन."

मी म्हटलं. मंदा जिथं थांबायची तिथं थांबले, जिथं हसू दाबायची तिथं दाबलं, आणि शेवटच्या शब्दावर आवाज वर नेला. त्यापुढे काठावरचे सगळे हसतात, हलगी सुरू होते आणि काहिल काठ सोडते. माझ्या कानात ते आपोआप यायला लागलं आणि मी श्वास घेतला. डोळे न उघडताच हौसाक्कानं हात वर केला.

"हितंच थांब," ती म्हणाली.

मी थांबले.